डावरीची धार

आमच्या घरात चाकूला नाव होतं: डावरी. आबा, म्हणजे आईचे वडील, डावखुरे होते. त्यांच्यामागून आई डावखुरी निघाली, आणि या दोघांच्या हाताखाली झिजत गेलेला तो चाकूही डावखुराच राहिला.

पुस्तकबांधणीत कातडं तासायचा चाकू स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा नसतो. पातं आखूड, टोकाशी तिरकं, आणि धार एकाच अंगाने काढलेली. सपाट अंग कातड्यावर टेकवून पातं पुढे ढकललं की आतली साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. धार कुठल्या अंगाने काढली आहे, त्यावरून चाकू उजव्या हाताचा की डाव्या ते ठरतं. डावरी उजव्या हातात धरली की तिचं उतरतं अंग खाली येतं आणि पातं सरळ कातड्यात शिरतं. मी उजवी. लहानपणी कितीदा तरी मी ती गुपचूप उचलली आणि तितक्यांदा कातड्याला भोक पाडलं. आई रागवायची नाही. म्हणायची, "तिचं माझ्याशी लग्न लागलंय गं. तू मध्ये पडू नकोस."

आई बाइंडर होती. रस्त्याकडच्या खोलीत काम चालायचं, आतल्या खोलीत आम्ही झोपायचो. कामाच्या टेबलाच्या मधोमध एक गुळगुळीत दगडी लादी होती. लादीच्या एका बाजूला आईचं स्टूल, समोर माझं, आणि माझ्या पाठीमागे कोपऱ्यात खळ शिजवायची शेगडी. आई कातडं तासायची, मी ते खळ लावून पुठ्ठ्यावर चढवायची. पुस्तकं मी वाचली ती याच टेबलावर, सुटी, शिवायला आलेल्या फर्म्यांमध्ये, म्हणजे छापील पानांच्या घड्यांमध्ये. त्यामुळे कित्येक पुस्तकांचा मधला भाग मला आधी माहीत झाला आणि सुरुवात नंतर, आणि काहींचा शेवट अजून माहीत नाही, कारण गिऱ्हाईक घाईत होतं.

सरळ कडा आई मला साध्या चाकूने तासू द्यायची, पण कोपरे कायम तिचे. कोपऱ्यात कातड्याच्या घड्या एकावर एक येतात. जरा जाड राहिलं की पुस्तकाला टेंगूळ येतं, जरा जास्त निघालं की फाटतं. दोन कोपरे झाले की डावरीची धार मंदावायची. तेव्हा आई ती लादीवर ठेवायची, मूठ माझ्याकडे करून. मी ती पुसायची, चामड्याच्या पट्टीवर चार वेळा ओढायची आणि परत ठेवायची, मूठ तिच्याकडे करून. हत्यार हातात द्यायचं नाही, ही आबांच्या वेळेपासूनची रीत. मूठ ज्याच्याकडे, पाळी त्याची. बोलायची गरजच पडायची नाही. दुपारच्या दुपारी आम्ही दोघी तोंडातून शब्द न काढता बसायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं, मायलेकींचं वाजलंय.

मग आईच्या हाताला कंप सुटला. मी दुसऱ्या शहरातली शिकवायची नोकरी सोडून परत आले. तिचं शेवटचं वर्ष आम्ही पुन्हा समोरासमोर काढलं, निम्मं टेबलाशी आणि निम्मं पलंगाशी.

ती गेल्यावर मावशी तिचं सामान आवरायला आली. कपडे बांधून झाल्यावर तिची नजर डावरीवर गेली.

"हिचं काय करणार आहेस? तुझ्या हाताला तर चालत नाही."

"असू दे."

"चौकटीत घालून भिंतीवर लाव. आबांची आणि ताईची, दोघांची आठवण."

"बघते," मी म्हणाले. भिंतीवर लावायचं मनात नव्हतं. पण वापरायचंही नव्हतं. त्या पात्यावर आईने दगडावर काढलेली शेवटची धार होती. ती जशीच्या तशी राहावी, एवढंच मला हवं होतं.

एक काम मात्र अर्धवट राहिलं होतं. भिंगकाका नावाचे आमचे जुने गिऱ्हाईक होते. नाव आईने ठेवलेलं. हयातभर नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरी केलेली, त्यामुळे खिशातलं भिंग निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा पक्ष्यांचा सहा खंडांचा कोश होता. त्यासाठी त्यांनी स्वतः हिंडून गडद लाल कातडं आणलं होतं, लागेल त्याहून बरंच जास्त, आणि "सहाही खंड मी करून देईन" असा आईने त्यांना शब्द दिला होता. चार झाले. पाचवा आणि सहावा राहिले.

पाचव्याच्या कडा मी साध्या चाकूने तासल्या. कोपऱ्यांशी येऊन थांबले. काय करावं ते सुचेना, तेव्हा हाताने आपसूक जे करायचं ते केलं. डावरी पुसली, पट्टीवर ओढली, लादीवर ठेवली. मूठ समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन मला स्वतःचीच कीव आली आणि मी पाठ फिरवून खळ ढवळू लागले.

दुपार होती. समोरच्या लाँड्रीतलं यंत्र घरघरत होतं, रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी गाडी पुढे घ्यायला सांगत होतं. त्या सगळ्या आवाजांच्या खालून एक आवाज आला. सर्र. थोडं थांबून, सर्र. दगडावर कातडं, कातड्यावर पोलाद. तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

मी वळले नाही. पुष्कळ वाचल्याचा एवढा तरी उपयोग झाला. जगभरच्या जुन्या गोष्टी एका बाबतीत एकमताच्या आहेत, मागे वळून पाहणाऱ्याचं नुकसान होतं. मी खळ ढवळत राहिले. ती बुडाला लागली, करपली, तरी ढवळत राहिले.

आवाज थांबला तेव्हा मी टेबलाशी आले. दोन कोपरे तासून झाले होते. पापुद्रे आईच्या बाजूला पडले होते, डाव्या हाताचे पडतात तसे, आणि डावरीची मूठ माझ्याकडे होती.

मला भीती वाटली नाही. मी ती पुसली, पट्टीवर चार वेळा ओढली आणि परत ठेवली.

पाचवा खंड न्यायला भिंगकाका आले, तेव्हा त्यांनी खुर्ची उजेडात ओढून घेतली आणि भिंग लावून एकेक कोपरा पाहिला.

"बाईंनी कातडं आधीच तासून ठेवलं होतं वाटतं?"

"हो," मी म्हणाले.

"ओळखलंच मी. तू तासलं असतंस तर भिंग काढावं लागलं नसतं." ते हसले आणि लगेच ओशाळले. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. शिवण तुझी बाईंपेक्षा सरळ असते, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, शिवण आत असते काका, कोपरे चारचौघांत जातात." ते पुन्हा हसले, आणि या वेळी मीही. "सहावा कधी देतेस?"

"वेळ लागेल थोडा."

"लागू दे. फक्त मी आहे तोवर दे, म्हणजे झालं. पक्षी काय, ते थांबतील."

वेळ का लागेल ते मला तेव्हाच कळलं होतं. मधल्या काळात मी दुसरं एक काम घेऊन पाहिलं होतं, एका वकिलांचं कायद्याचं पुस्तक. त्याचं तपकिरी कातडं लादीवर पसरलं, डावरी ठेवली, पाठ फिरवली. काही झालं नाही. संध्याकाळपर्यंत मूठ तिकडेच होती. लाल कातडं पसरलं की मात्र खळीला पहिला बुडबुडा येण्याच्या आत सर्र सुरू. आई शब्दाची पक्की होती. ज्या कामाचा शब्द दिला, तेवढ्यासाठीच ती येत होती. सहावा खंड झाला की ती यायची थांबणार.

म्हणून मी तो होऊ दिला नाही. सहाव्याचं कातडं तासून झालं, चारही कोपरे असे की बोट फिरवलं तर कुठे संपले ते कळू नये. मी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि त्याच मापाचा दुसरा तुकडा कापला. पहिल्याचा रंग एका बाजूला फिका आहे, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी काही सांगायच्या भानगडीत पडले नाही.

ते दिवस सुखाचे होते, हे लिहायला हवं. मी शेगडीकडे तोंड करून बोलायची. कोणाकडे काय चाललंय, कोणाचं कोणाशी फाटलंय. लाँड्रीवाल्याने स्वतःच्याच मेहुण्याच्या लग्नाचा कोट जाळला, ते सांगितलं तेव्हा मागची सर्र मध्येच थांबली. आई हसताना हात थांबवायची. धारेवर हात असताना हसू नये म्हणायची, आणि हसायची. मी वाट पाहिली. सर्र पुन्हा सुरू झाली.

पहिली खूण माझ्या नजरेतून सुटली, किंवा मी ती सुटू दिली. तिसऱ्या की चौथ्या तुकड्याचा एक कोपरा किंचित जाड होता. पुढच्याचे दोन. मग एका कडेला लाटा दिसल्या, बारीक, पाण्यावर फुंकर घातल्यासारख्या. त्या लाटा मी ओळखत होते. आजाराच्या सुरुवातीला आईने त्या माझ्यापासून लपवल्या होत्या. कडा मुद्दाम जाड ठेवायची, म्हणजे थरथर उमटत नसे. मी कळून न कळल्यासारखं केलं होतं.

आता आवाजही बदलला. दोन सर्रींच्या मधली शांतता लांबली. त्या शांततेत कोणीतरी दम खात होतं.

मी थांबायला हवं होतं, ते मला कळत होतं. पण रोज वाटायचं, आजचा दिवस. आज ती बरी असेल. घरात आजारी माणूस असलं की सकाळी उठल्यावर जे वाटतं तेच, अगदी तेच. मी पट्टीवर डावरी जास्त वेळ ओढायला लागले, म्हणजे तिला जोर कमी लागेल. लादीखाली फडकं घातलं, म्हणजे हलणार नाही. हेही सगळं मी एकदा केलेलं होतं.

मग तो तुकडा आला. मी वळले तेव्हा कातडं कोपऱ्यापासून थेट मध्यापर्यंत चिरलेलं होतं. डावरीची मूठ माझ्याकडे नव्हती आणि तिच्याकडेही नव्हती. ती लादीच्या कडेवर अर्धी बाहेर लटकत होती, हातातून सुटावी तशी. समोरचं स्टूल मागे सरकलेलं होतं.

तो दिवस मला पाठ आहे. आई हयात असताना त्या दिवशी कातडं असंच चिरलं होतं. आई चिरेकडे बघत राहिली, मग भिंतीचा आधार घेत उठली, "जरा पडते गं," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. त्यानंतर ती टेबलाशी बसली नाही.

मी लादीसमोर उभी होते. लाँड्रीचं यंत्र नेमकं बंद होतं. आतल्या खोलीत कोणीतरी खोकलं.

मोठ्याने नाही. दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून घशातच दाबलेलं खोकणं. मी दारापर्यंत गेले. पलंगावरची गादी मीच गुंडाळून ठेवली होती, ती तशीच होती. उन्हाचा पट्टा फरशीवर होता. कोणी नव्हतं. आणि मी दारात असतानाच, पलंगाच्या उशाकडून, पुन्हा.

पुढे काय काय येतं ते मला क्रमाने माहीत होतं. आधी जेवण सुटतं, मग कूस बदलता येत नाही, मग बोलणं जातं. शेवटचे दिवस फक्त श्वास उरतो, ओढून ओढून घेतलेला, आणि ऐकणाराही आपला श्वास त्यासोबत रोखून धरतो. ते सगळं मी पाहिलं होतं. एकदाच पाहायचं आहे, एवढ्या आधारावर पाहता आलं होतं. आता तेच तिला पुन्हा भोगायला लावत होते मी. लाल कातड्याचे तुकडे कापून कापून.

मी खणातून सगळ्यात पहिला तुकडा काढला, चारही कोपरे निर्दोष असलेला. त्याला खळ लावली, सहाव्या खंडावर चढवला, दाबात ठेवला. पुस्तक वाळलं, तसा भिंगकाकांना निरोप पाठवला. ते आले, भिंगातून कोपरे पाहिले, भिंग खिशात ठेवलं. मग सहावा खंड छातीशी धरून म्हणाले, "संपलं बघ बाईंचं काम."

"संपलं," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, काम संपलं की संपेल. संपलं नाही. डावरी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली, लाल कातड्याचे उरलेसुरले कपटे केरात टाकले; खणातले तासलेले तुकडे तेवढे टाकवेनात. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी आत कूस बदलल्यासारखी पलंगाची फळी वाजली. नंतर पेल्याला चमचा लागल्याचा आवाज. मग तेही थांबलं आणि श्वास सुरू झाला. मी कामाच्या खोलीतच जमिनीवर झोपू लागले. फोन वाजले तर वाजू दिले.

एके दिवशी दुपारी मावशी येऊन दारात उभी राहिली.

"आहेस का जिवंत? फोन उचलायला हात नाहीत तुला?"

"कामात होते गं."

"काम! आरशात बघ जरा. भूत बरं त्यापेक्षा." तिने पिशवी उचलली आणि आतल्या खोलीकडे निघाली.

"आत नको, मावशी."

"का? आत काय वाघ बांधलाय?"

ती गेली. गेली तशीच परत आली, दंडावर आलेला काटा चोळत. पिशवी अजून हातातच होती.

"खिडकी उघडत जा," ती म्हणाली. मग माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली आणि आईच्या नव्हे, माझ्या स्टुलावर बसली.

मावशी धंद्यात पडली नाही, पण ती आबांची मुलगी होती. मी चहा टाकायला वळले तेवढ्यात तिने टेबलाचा खण उघडला. चहा घेऊन आले तर खणातले तुकडे तिने लादीवर ओळीने मांडले होते, चांगल्यापासून चिरलेल्यापर्यंत. क्रम एकाचाही चुकला नव्हता.

"ताईचं शेवटचं वर्ष," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"किती हाल झाले गं तिचे. इथे बघ, इथे हात अडकलाय." तिने चिरेवरून बोट फिरवलं. "आणि तू हे जपून ठेवलंस? ही काय जपायची वस्तू आहे?"

"डावरी पण जपली आहे. धारसुद्धा बदलली नाही. आबांची होती तशीच आहे."

"आबांची!" मावशीने कप खाली ठेवला. "आण बघू इकडे."

मी कपाटातून डावरी आणली, फडकं सोडलं, लादीवर ठेवली.

"ही मूठ आबांची नाही," मावशी म्हणाली. "आबांची मूठ काळी होती, शिंगाची, तळहातभर रुंद. आबांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता तेव्हा ताईने ती फोडली. माझ्या डोळ्यांदेखत, हातोडीने. वडिलांची मूठ! वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. तुला कधी सांगितलं नसेल तिने."

"नाही. का फोडली?"

"तेच विचारलं. म्हणे, माझ्या हाताला मोठी होते. धडधडीत खोटं. तीच मूठ धरून काम शिकली होती ती. मी रडारड केली, नको नको ते बोलले, तेव्हा म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आबांना आता उठवत नाही गं. बोलावणं मात्र रोज जातंय." मावशीने पदार्थ चाखून टाकून द्यावा तसं तोंड केलं. "मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. त्यानंतर ती नव्या मुठीने कामाला लागली, आणि काही दिवस भयंकर वाईट काम केलं तिने. गिऱ्हाइकं परत आणून द्यायची. आबांची मुलगी असून असं काम, म्हणायची."

आतून श्वासाचा आवाज आला. लांब, ओढलेला. मावशीची मान तिकडे वळली आणि सावकाश परत आली.

"लाँड्रीचं यंत्र दिवसभर असंच वाजतं का?" तिने विचारलं.

"हो."

"हं." ती उठली. चहा तसाच राहिला. दाराशी चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौकटीत घाल म्हणाले होते मी. ते डोक्यातून काढून टाक. तुला जे करायचं ते कर. या वेळी मी अबोला धरणार नाही."

ती गेल्यावर मी मोठा खरखरीत दगड काढला, धार अगदीच गेलेल्या हत्यारांसाठी असतो तो. त्यावर पाणी ओतलं. डावरी हातात घेतली.

आबांचं बोलावणं त्यांच्या मुठीतून जात होतं, आईचं या डाव्या धारेतून; मूठ फोडून माझं भागणार नव्हतं. माझ्या हातासाठी पातंच उलटं करावं लागणार होतं. जे अंग उतरतं होतं ते सपाट, जे सपाट होतं ते उतरतं, आणि टोकाचा तिरकेपणा दुसऱ्या बाजूला. त्यात पोलाद पुष्कळ जातं, आणि गेलेलं परत आणता येत नाही. सपाट अंग आबांपासून आईपर्यंत कोणी दगडाला लावलं नव्हतं, फक्त पट्टीवर घोटलं होतं. त्यात आरशासारखं दिसायचं. मी त्यात माझा डोळा पाहिला, मग ते दगडावर टेकवलं आणि ओढलं.

पहिला ओरखडा उमटला तेव्हा माझ्या तोंडून आवाज निघाला. आतला श्वास एकदम थांबला.

मीही थांबले. मग आत तो पुन्हा सुरू झाला, आधीसारखाच कष्टाचा, आणि मी दुसऱ्यांदा ओढलं.

काही वेळाने लक्षात आलं की आमचा ठेका एक झालाय. मी पातं पुढे ढकलायची तेव्हा आत श्वास घेतला जायचा, मागे ओढायची तेव्हा सुटायचा. मी सावकाश केलं, तोही सावकाश झाला. दगडावर राखाडी चिखल जमत होता. मी पाणी टाकून तो धुवायची, आणि त्या तेवढ्या वेळात आत शांत असायचं, जसं कोणीतरी माझ्यासाठी थांबलंय. दर खेपेला वाटायचं, आता हात लावू नये. इतकं पोलाद राहू द्यावं. थोडी डावी धार, एखादा कोपरा तासण्यापुरती.

"आई," मी म्हणाले, "झोप आता."

मी ओढत राहिले. श्वासातली घरघर हळूहळू कमी झाली. आजारापूर्वी, दुपारचं जेवण झाल्यावर ती अर्धा तास डोळा लावायची, तेव्हाचा श्वास मला ठाऊक आहे. सैल, जरासा शिट्टीसारखा. तसा तो झाला. मग आणखी हलका. ऐकू येतोय की नाही ते बघायला हात थांबवावा, असं फार वाटलं. थांबवला असता तर मी ऐकत बसले असते, आणि तिला पुन्हा कोणीतरी ऐकतंय हे कळलं असतं. मी थांबवला नाही. कुठल्या घासण्यापासून तो आवाज नुसता दगडाचा उरला, ते मला सांगता येणार नाही.

उजेड उतरायच्या आधी पात्याला नवी धार आली. अरुंद झालं होतं पातं, ओबडधोबडही. वकिलांचं तपकिरी कातडं लादीवर घेतलं आणि डावरी उजव्या हातात धरली. ती कातड्यात शिरली नाही. पुढे गेली, एक जाड तुटका पापुद्रा काढून माझ्या बाजूला टाकला. पहिला कोपरा जाड राहिला. दुसरा तासताना फाटला. मी थोडा वेळ त्या फाटलेल्या कोपऱ्याकडे बघत बसले, मग गठ्ठ्यातून दुसरं कातडं ओढलं आणि माप घ्यायला लागले.